सेवा म्हणजे भांडी

हॉल हसला.

सगळाच्या सगळा हसला. पुढच्या खुर्च्यांवरचे चर्चचे पाळक हसले. जळगावहून गाड्या करून आलेले पाहुणे हसले. धुळ्याच्या मिशन कंपाउंडातल्या बंगल्यांत राहणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि आम्ही पाड्यावरच्या बाया दारात उभ्या होतो. पदर खोचलेले. गुलीबाईनं तर बाह्याही वर सारल्या होत्या. तिनंच दारातून वळून विचारलं होतं, "आधी ताटं घासू का पातेलं?"

म्हणून हॉल हसला.

स्टेजवर आमचे पाळकसाहेब होते. हातात माईक. तेही हसले. मग हात वर करून त्यांनी लोकांना गप्प केलं आणि म्हणाले, "बघा मंडळी, याला म्हणतात आज्ञापालन!" टाळ्या पडल्या. आमच्यासाठी. आपण काय पराक्रम केला ते आम्हाला कळेना.

झालं होतं असं. साहेबांनी भाषण संपवताना दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "चला, आता आपण सर्वांनी सेवेला उठलं पाहिजे!" 'सर्वांनी' म्हणाले ना? आम्ही उठलो. "उठा वं, सेवाले चला," गुलीबाई म्हणाली, आणि आम्ही सतरंजीवरून उठून स्वयंपाकघराकडे निघालो. नाश्त्याची ताटं पडलेली होती. जेवणाआधी ती निघायला हवी होती.

त्या कंपाउंडात सेवा म्हणजे भांडी. आमच्या आयांना तेच सांगितलं, आम्हालाही तेच. 'आज सेवेला कोण?' म्हणजे आज ताटं कोण घासणार. 'सेवेला माणसं कमी पडली' म्हणजे पातेली तशीच राहिली. बंगल्यातल्या बाईनं गाणं म्हटलं तर ती देवाची 'देणगी'. बंगल्यातल्या माणसानं माईक धरला तर ते देवाचं 'पाचारण'. आम्ही हातात राख घेतली की ती सेवा. साहेबांच्या मनात दुसरी कुठली सेवा होती हे आम्हाला कुठून कळावं? त्यांनी दुसरी कधी दाखवलीच नाही.

मीही उठले होते. मी बोर्डिंगात शिकलेली आहे. बायबल वाचते, पाड्यावर उपासना घेते, मला छापील मराठी भाषण समजतं. तरी पाय उठले. पायांना फार लहानपणी शिकवलेलं असतं.

मी याच कंपाउंडातल्या बोर्डिंगात वाढले. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या अंगाला आमचा पाडा. तिथून बापानं आणून सोडलं, पोरगी शिकेल म्हणून. रविवारी बंगल्यातल्या मुली पांढरे मोजे घालून पुढं उभ्या राहायच्या आणि विशेष गीत म्हणायच्या. एकदा मी बोर्डिंगच्या मॅडमना म्हणाले, मला पण गाणं येतं. मॅडमनी माझी हनुवटी धरली. अगदी मायेनं. म्हणाल्या, "प्रत्येकाची आपापली सेवा असते, बेटा. तुझे हात देवानं मजबूत केलेत." आणि राखेचं डबडं माझ्या हातात दिलं. तेव्हा मला छान वाटलं होतं. देवानं माझ्या हातांकडे बघितलं, असं वाटलं होतं. आज आठवलं की अंगाची लाही होते.

असो. त्या दिवशी मी भांडी घासायला आले नव्हते. मी साहेबांना न्यायला आले होते.

आमच्या पाड्यावर फुलाअक्का होती. पाड्यावरचा पहिला बाप्तिस्मा तिचा. तेव्हा घरच्यांनी तिला हाकलून दिलं होतं, विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. तिनं सोसलं. आता म्हातारी खाटेवर होती. पोटात गाठ. शिरपूरच्या दवाखान्यानं सांगितलं, घरी न्या, काय खावंसं वाटतं ते द्या. तिला खावंसं काहीच वाटत नव्हतं. तिला प्रभुभोजन पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट. मरणाच्या आधी ख्रिस्त आपल्या माणसांसोबत जेवला, त्याची आठवण. त्यात ख्रिस्त स्वतः येऊन बसतो अशी आमची श्रद्धा. पण ते द्यायचा अधिकार एकट्या दीक्षा झालेल्या पाळकाला. मी सेविका. मी उपासना घ्यायची, तापानं फणफणलेल्या पोरापाशी बसायचं, नवऱ्यानं मारलेल्या बाईला घरी आणायचं, मेलेल्याला माती द्यायची. एवढं सगळं मी केलेलं चालतं. तो तुकडा मात्र मी द्यायचा नाही. त्याला साहेब लागतात. आणि साहेब पाड्यावर कधी तरी नाताळाच्या आसपास जीपनं येतात, फोटो काढतात, जातात.

मी फोन केला. साहेब म्हणाले, रस्ता खराब आहे, जीप चढत नाही. परत केला. म्हणाले, परिसंवाद जवळ आलाय, श्वास घ्यायला फुरसत नाही. परत केला, तेव्हा म्हणाले, "तू असं कर. परिसंवादाला ये, पाड्यावरच्या बायका घेऊन ये, सेवेला माणसं लागतीलच. मग बघू आपण म्हातारीचं."

म्हणून आलो. फुलाअक्काला सांगून आले, साहेबांना घेऊनच येते. ती म्हणाली, "मी थांबस." थांबते मी. जणू मरण तिच्या हातात होतं.

आता परिसंवादाचं सांगते.

विषय होता एक जर्मन पाद्री. लूथरच्या पंथातला मोठा विचारवंत. त्याच्या विचारांतून आजच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवाकार्यानं काय घ्यावं, असं मोठ्या बॅनरवर लिहिलं होतं. त्याचं नाव मला नीट म्हणता येत नाही. साहेबांना येतं. त्यांनी त्याच्याकडून घेतलं ते तेवढंच. साहेब त्याच्यावर अभ्यास करून डॉक्टर झालेत. साहेब डॉक्टर झाले असं पाड्यावर कळलं तेव्हा दोन बाया पोरं कडेवर घेऊन तपासून घ्यायला आल्या होत्या. साहेबांना ते आवडलं नव्हतं.

पण भाषण मी मन लावून ऐकलं. खोटं कशाला बोलू? भाषण चांगलं होतं. तो माणूसच चांगला होता, साहेब काय करतील.

साहेब सांगत होते, त्याच्या देशात जुलमी राज्य आलं. पुष्कळ पाद्री मान डोलवत राज्याच्या मागं गेले. हा गेला नाही. मित्रांनी याला समुद्रापलीकडे नेऊन ठेवलं. तिथं मान होता, नोकरी होती, जिवाला धोका नव्हता. आणि याला झोप लागेना. माझी माणसं तिकडं संकटात आणि मी इकडं सुखात, मग उद्या कुठल्या तोंडानं त्यांच्यापुढं उभा राहू? असं म्हणून तो परत गेला. जाणूनबुजून गेला. शेवटी राज्यानं त्याला तुरुंगात टाकलं आणि फाशी दिलं.

मला वाटलं, झालं काम. जो माणूस हे इतक्या भरल्या गळ्यानं सांगतोय तो धुळ्याहून आमच्या पाड्यावर येणार नाही? तो माणूस फासावर चढायला समुद्र ओलांडून गेला, यांना फक्त शिरपूरच्या पुढचा घाटरस्ता चढायचाय. मी गुलीबाईला कोपरानं ढोसलं. "साहेब येतीन," मी म्हटलं. एवढी मी मूर्ख.

पुढं साहेब कृपेवर बोलले. तो जर्मन माणूस म्हणायचा, देवाची क्षमा फुकट मिळते, पण तिचं पायपुसणं करू नका. अंगाला तोशीस नाही, कुणासाठी काही सोडणं नाही, नुसतं 'देव कृपाळू आहे' म्हणत हात झटकायचे, ही कृपा नव्हे, ही फसवणूक. असा त्या बोलण्याचा अर्थ. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. पुढचे पाळक माना हलवत होते. एकानं तर डोळे पुसले.

मग म्हणाले, तो सांगायचा की दुसऱ्याचं ऐकून घेणं ही पहिली सेवा. आणि जी मंडळी आपल्यापुरतीच जगते तिनं स्वतःला मंडळी म्हणवून घेऊ नये.

आणि मग ती गोष्ट. त्या माणसानं पाळक तयार करायची एक छोटी शाळा चालवली होती. एकदा स्वयंपाकघरातून निरोप आला, भांड्यांना माणसं पाहिजेत. एकही विद्यार्थी उठेना. सगळे पुस्तकवाले. तेव्हा हा गुरू असून गुपचूप उठला, आत गेला, भांड्यांना हात घातला. लाजून पोरं मागून धावली, तर यानं आतून दार लावून घेतलेलं. उघडलंच नाही.

"अहाहा!" हॉलमधून आवाज आला. "काय ती नम्रता!" कुणीतरी म्हणालं. साहेब थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग हात पसरून म्हणाले ते, सर्वांनी सेवेला उठलं पाहिजे.

आणि उठल्या कोण? आम्ही. आणि हसलं कोण? ज्यांनी आत्ता अहाहा केलं होतं ते.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ताटं घासायला लागलो. बाकीच्या बाया लाजल्या होत्या. आपलं काय चुकलं तेच त्यांना कळत नव्हतं. "आपन काय करं वं?" गुलीबाई मला विचारत राहिली. आपण काय केलं? मी म्हटलं, काही नाही, घास. मी स्वतः घासत होते आणि कान दाराकडे होते. मला वाटत होतं, कुणीतरी येईल. आत्ताच गोष्ट ऐकलीय. त्या जर्मन पोरांना निदान लाज वाटली होती, ती निदान धावत आली होती. आम्ही तर कडीही लावली नव्हती. दार सताड उघडं होतं.

एक जण आला. त्यानं विचारलं, पिण्याच्या पाण्याचे ग्लास कुठायत.

मग जेवणं सुरू झाली. वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, वर तूप. आम्ही वाढलं. साहेब जेवत होते तिथं मी गेले. बट्टी वाढली आणि म्हटलं, "साहेब, फुलाअक्काचं? आज निघायचं का आपण?"

"कोण फुला?"

मी सांगितलं कोण. पाड्यावरचा पहिला बाप्तिस्मा. खाटेवर आहे. थांबलीय तुमच्यासाठी.

"हां हां." साहेबांनी बट्टी कुस्करली. "अगं, पण आता लगेच कसं जमेल? पाहुणे आहेत. उद्या समारोप. तो रस्ता म्हणजे जीपचं वाटोळं. तू तिला सांग, प्रभू अंतःकरण पाहतो. मनातल्या मनात प्रभुभोजन घे म्हणावं. देवाची कृपा पुरेशी आहे."

तासाभरापूर्वी याच माणसानं टेबलावर मूठ आपटली होती. हात झटकणारी कृपा म्हणजे फसवणूक. आता तीच कृपा ते माझ्या पदरात टाकत होते, एका मरणाऱ्या बाईला नेऊन दे म्हणून. आणि त्यांना जाणवतही नव्हतं. ढोंगी माणसाला निदान आपण ढोंग करतोय हे माहीत असतं. यांना तेवढंही माहीत नव्हतं. बोलणं एका कप्प्यात, जेवण दुसऱ्या कप्प्यात.

"मग मी देऊ का, साहेब?" मी विचारलं. "तुम्हाला जमत नाही तर मी देते तिला."

साहेबांनी वर बघितलं. रागावले नाहीत. हसले. शेजारचे पाहुणेही हसले. साहेब अगदी मायेनं म्हणाले, "प्रत्येकाची आपापली सेवा असते, बाई."

तेच वाक्य. शब्दाला शब्द. मॅडम मेल्या, बोर्डिंगाचे पत्रे बदलले, माझे केस पिकले, पण त्या कंपाउंडात हे वाक्य जसंच्या तसं ठेवलेलं होतं. आमच्यासाठी. माझ्या हनुवटीला तो जुना हात परत लागल्यासारखा झाला. या वेळी छान वाटलं नाही. किळस आली.

मी तुपाचं भांडं टेबलावर ठेवलं. स्वयंपाकघरात आले. जेवणाच्या ताटांचा ढीग पडला होता. बाया घासायला बसायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "हात धुवा. घरी चला."

"अन् ताटं?" गुलीबाई म्हणाली.

"ज्यांनी खाल्लं ते घासतील."

"त्येस्ले कोठे येस?" त्यांना कुठं येतं! ती खरंच काळजीनं विचारत होती.

"गोष्ट ऐकलीय त्यांनी," मी म्हटलं. "शिकतील."

आम्ही पिशव्या उचलल्या. हॉलच्या समोरून, फाटकातून, सरळ बाहेर. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, कुठं चाललात? सेवा राहिलीय!" मी वळून बघितलं नाही. एसटीत बसलो. मग गुलीबाई एकदम फिसकन हसली. तिला म्हणे ते सगळे पाळक नळापाशी रांगेत उभे डोळ्यांपुढं दिसले. मग आम्ही सगळ्याच हसलो. शिरपूर येईपर्यंत हसत होतो. नंतर कळलं की त्यांनी हॉटेलातून पोरं बोलावून भांडी घासून घेतली. इतके सगळे देवाचे सेवक, आणि ताटाला हात लावायला एक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलाअक्काकडे गेले. तिनं पावलांवरून ओळखलं.

"साहेब उनात का?" आले का साहेब?

"नही उनात."

"कव्हय येतीन?" कधी येतील?

मी खाटेशी बसले. "येनार नही, अक्का. मी देस तुले."

ती हळू म्हणाली, "तू? तू तं भांडा घासस. तुना हातनं चाली का?"

तुझ्या हातचं चालेल का.

हॉल हसला तेव्हा मला राग आला होता. आता रडू आलं. बंगल्यातल्या लोकांनी म्हटलं तर समजू शकते, त्यांना तेच शिकवलंय. ही तर आमच्यातलीच. जिला विहिरीवरून हाकललं होतं ती. जिनं सगळ्या गावाशी भांडून सांगितलं होतं की मी कुणापेक्षा खालची नाही. तिच्याही आत कंपाउंड बसलेलं होतं. एवढं खोल की मरताना तिला आपल्याच माणसाचा हात बाटलेला वाटत होता. आदल्या दिवसापासून मला साहेबांचा तिटकारा होता. त्या घडीला मी त्यांना मनातून उतरवून टाकलं.

मी डोळे पुसले. म्हटलं, "अक्का, मना हातनी भाकर तू रोज खास ना?"

"खास." खाते.

"मंग?"

तिनं वर छपराकडे बघितलं. ओठ हलत होते. मग तिनं हात पुढं केला. "दे मंग."

गुलीबाईनं बायांना हाक मारली. पाड्यावरची माणसं आली, दारात, अंगणात बसली. द्राक्षरस कुठून आणू? गुळाचं पाणी केलं. पितळी पेल्यात घेतलं, अक्काच्याच घरातल्या. ज्वारीची भाकर मीच पहाटे थापली होती. प्रार्थनेचे शब्द मला पाठ आहेत, सगळा जन्म मागं सतरंजीवर बसून ऐकलेत. तेच म्हटले. मी भाकर मोडली. पहिला तुकडा फुलाअक्काला दिला. तिला चावता येईना, म्हणून पाण्यात भिजवून दिला. तिनं गिळला. मग अंगणातल्या सगळ्यांनी घेतला. शेवटी गुलीबाईनं मला दिला. माझ्या हातावर आजवर कधी कुणी आपल्या मनानं, वाकून, काही ठेवलं नव्हतं.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत बंगल्यांपर्यंत गेला.

आणि मग काय गंमत! ज्या रस्त्यावर जीप चढत नव्हती त्या रस्त्यावर जीप चढली. धूळ उडवत, हॉर्न वाजवत. साहेब आले. सोबत मंडळीचे पंच. मरणाऱ्या म्हातारीला दोन घास द्यायला रस्ता नव्हता, आमच्यावर डोळे वटारायला होता.

साहेब फुलाअक्काच्या अंगणात उभे राहिले. लोक जमले. साहेब मला म्हणाले, "तू काय केलंस तुला कळतं का? पवित्र विधीची थट्टा केलीस. आता सर्वांसमोर सांग, ते प्रभुभोजन नव्हतं. ती नुसती भाकर होती."

दार उघडं होतं. आत खाटेवर फुलाअक्का सगळं ऐकत होती.

मला कळलं, ते काय मागतायत. माझी माफी नको होती त्यांना. मी 'नुसती भाकर' म्हटलं असतं तर त्या म्हातारीच्या पोटातला घास त्यांनी काढून घेतला असता. ती उपाशी मेली असती. आणि ते मी माझ्या तोंडानं करावं असं त्यांना पाहिजे होतं. माझं सेविकापण, कंपाउंडातलं येणंजाणं, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

"विचार करून बोल."

"केला. ते प्रभुभोजन होतं. तुम्ही नव्हता, म्हणून प्रभूनं यायचं थांबवलं नाही."

पंचांतला एक जण ओरडला, "जीभ आवर!" मी त्याच्याकडे बघितलंही नाही. साहेबांना म्हटलं, "तुमचा तो जर्मन माणूस आपल्या लोकांकडे परत गेला. तुम्ही त्याच्यावर डॉक्टर झालात. तुम्हाला हा घाट चढवला तो व्हिडिओनं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण ते हुशार आहेत. ते माझ्याशी बोललेच नाहीत. जीपमधून छोटी चामड्याची पेटी मागवली. आत मखमल, मखमलीत चांदीचा प्याला. ते आत गेले, खाटेशी वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "आजी, मी आलोय. आता तुम्हाला खरं प्रभुभोजन देतो."

मी दारात उभी होते. तिनं तोंड उघडलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. तिनं याच माणसाची वाट बघितली होती.

फुलाअक्कानं त्यांच्याकडे बघितलं. त्या प्याल्याकडे बघितलं. मग मान भिंतीकडे वळवली.

"मी जेवनू, साहेब," ती म्हणाली. माझं जेवण झालं.

साहेबांनी पेटी मिटली. जाताना मला सांगितलं, तू आजपासून सेविका नाहीस. मी म्हटलं, बरं. पुढच्या रविवारी धुळ्याला तसं जाहीरही केलं म्हणे. तिथल्यांनी मान डोलवली असेल. ती सवय त्यांना आहे.

फुलाअक्का त्याच आठवड्यात गेली. मी माती दिली. कुणाला विचारलं नाही.

आता लोक निरोप घेऊन येतात. साहेब मोठ्या मनाचे आहेत, येऊन चार शब्द बोल, मिटवून टाकू. काही म्हणतात, तुझं बरोबर आहे, पण पद्धत चुकली. पद्धत! उद्या आणखी एक परिसंवाद होईल. त्या माणसाच्या विचारांतून सेवाकार्यानं काय घ्यावं, यावर आणखी एक बॅनर लागेल. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढायला आमच्यासारख्या बाया शोधतील. शोधा म्हणावं. त्या फासावर गेलेल्या माणसाशी माझं काही भांडण नाही. तो परत गेला. तो उठला आणि भांड्यांना हात घातला. मला त्याच्याकडून एवढंच घ्यायचं होतं आणि ते मी घेतलं. ज्यांना एवढं घेता येत नाही त्यांनी त्याचं नाव घेऊ नये. नीट उच्चारता येत असलं तरी घेऊ नये.

येत्या रविवारी पाड्यावर भाकर मोडली जाईल. मी मोडणार. त्याच्या पुढच्या रविवारी गुलीबाई मोडणार, तिचं पाठांतर चालू आहे. कुणाची परवानगी मागितलेली नाही, मागणार नाही.

साहेब, तुम्हीही या. रस्ता तुम्हाला माहीत आहे. इथं खुर्ची नाही, सतरंजीवर बसायचं. जेवून झालं की आपलं ताट आपण घासायचं, आणि मग शेजाऱ्याचं. राख चुलीपाशी आहे.